मैदान राखणाऱ्यांचेही आभार



आजच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकटाच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे परका. या उताऱ्यावर आम्हा धर्मगुरूंचा उपदेश ठरलेला असतो: त्या नऊ जणांसारखे कृतघ्न होऊ नका. पण मला कधीकधी वाटते, त्या एकाला आभार मानणे तसे सोपेच होते. तो बरा झाला होता. जो बरा होणार नाही त्याने काय करायचे? आपल्या धर्मग्रामात अशी माणसे आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी त्यांच्याकडे परमप्रसाद घेऊन जातो, आणि त्यांच्या खाटेशेजारी बसून हा प्रश्न टाळता येत नाही.

अशा वेळी मला लू गेरिग आठवतो. हा अमेरिकेतला बेसबॉल खेळाडू. बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ. नियम समजावत बसलो तर हे पान पुरणार नाही. गेरिग आपल्या पंथाचा नव्हता. पण शोमरोनी तरी कुठे यहुदी मंदिरात जाणारा होता?

लूचा जन्म १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये एका गरीब जर्मन स्थलांतरित कुटुंबात झाला. चार भावंडांतला तो एकटाच जगला. वडील वारंवार आजारी असत, आई कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात स्वयंपाक आणि साफसफाई करी. पुढे लू न्यूयॉर्क यांकीज या नामवंत संघात गेला आणि १ जून १९२५ पासून सलग २,१३० सामने खेळला. जवळजवळ चौदा वर्षे एकही सामना चुकवला नाही. दुखापत झाली तरी मैदानात हजर. लोक त्याला ‘लोखंडी घोडा’ म्हणत. हा विक्रम १९९५ सालापर्यंत कोणी मोडला नाही.

मग त्या लोखंडी शरीरातली ताकद ओसरू लागली. साधे चेंडू सुटू लागले. २ मे १९३९ रोजी तो स्वतःच व्यवस्थापकाकडे गेला आणि म्हणाला, आज मला वगळा. १९ जूनला, नेमक्या त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, डॉक्टरांनी निदान केले: ए.एल.एस. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी या आजारात एकेक करून मरतात. हात, पाय, गिळणे, श्वास, सारे हळूहळू जाते. त्यावर त्या काळी औषध नव्हते, आणि आजही तो पूर्ण बरा होत नाही. अमेरिकेत या आजाराला त्याच्याच नावाने ओळखतात.

४ जुलै १९३९ रोजी यांकी स्टेडियमवर त्याचा सत्कार झाला. एकसष्ट हजारांहून अधिक लोक जमले होते. त्याला रडू आवरेना. निवेदकाने सांगून टाकले की लूला बोलवणार नाही. लोक त्याच्या नावाचा गजर करू लागले तेव्हा तो माइकजवळ आला. भाषण अगदी लहान होते. तुम्ही माझ्या दुर्दैवाविषयी वाचले आहे, तरीही मी स्वतःला या पृथ्वीवरचा सर्वांत भाग्यवान माणूस समजतो, अशी त्याची सुरुवात होती. नंतर त्याने माणसे मोजली: संघातले सोबती, व्यवस्थापक, भेटवस्तू पाठवणारा प्रतिस्पर्धी संघ, आयुष्यभर राबून मुलाला शिकवणारे आईवडील, धीराची पत्नी. मैदान राखणारे कामगारही त्याच्या आठवणीत होते. आणि सासू! स्वतःच्या मुलीशी भांडण झाले की जावयाची बाजू घेणारी सासू. (आपल्याकडे कोणत्या जावयाने सासूचे असे जाहीर आभार मानल्याचे माझ्या ऐकिवात नाही.) शेवटी पुन्हा एकदा तो म्हणाला, माझ्या वाट्याला वाईट आले असेल, पण जगण्यासारखे पुष्कळ आहे. बेब रूथ या दिग्गज खेळाडूशी त्याचे काही वर्षे बोलणे नव्हते; त्या रूथने पुढे होऊन त्याला मिठी मारली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एपिक्टेटस मला फार आवडे. हा मूळचा गुलाम, पायाने अधू. शरीर आपल्या हाती नाही, त्याविषयीचा आपला विचार तेवढा हाती आहे, असे तो शिकवी. अजूनही मला ते पटते. पण त्यात दुःख आत येऊ नये म्हणून दार लावून घेतल्यासारखे काहीतरी आहे. गेरिगने दार लावले नाही. दुर्दैवाला त्याने भाषणाच्या आरंभी दुर्दैवच म्हटले आणि शेवटीही. मधल्या जागेत माणसे होती.

हे मला उशिरा कळले. पूर्वी एका अंथरुणाला खिळलेल्या मावशींना मी समजावले होते, “मावशी, तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेत कितीतरी लोक आहेत. देवाचे आभार माना.” त्या शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे फादर, त्यांच्या दुःखावर मी समाधान मानायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी परतताना मंदिरातला परुशी आठवला. तोही देवाचे आभारच मानत होता, मी इतरांसारखा नाही म्हणून. मी मावशींना त्याची प्रार्थना शिकवायला गेलो होतो.

आपण ज्याला ख्रिस्तप्रसाद म्हणतो त्याचे मूळ ग्रीक नाव ‘युखारिस्तिया’, म्हणजे आभार. प्रभू येशूने भाकर हाती घेऊन पित्याचे आभार मानले ते कोणत्या रात्री? ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले त्या रात्री. त्याच रात्री थोड्या वेळाने गेथसेमनी बागेत तो हा प्याला टळो म्हणून विनवत होता. भोजनाच्या वेळचे आभार खरे होते, बागेतला घामही खरा होता.

गेरिगने त्यानंतर न्यूयॉर्क शहराच्या पॅरोल मंडळावर, तुरुंगातल्या कैद्यांच्या सुटकेविषयी निर्णय करण्याचे काम केले. २ जून १९४१ रोजी तो वारला.

मावशींकडे मी अजून जातो. गेल्या शुक्रवारी परमप्रसाद घेतल्यावर त्यांनी विचारले, “फादर, पहाटेची घंटा हल्ली कोण वाजवतो?” मी नाव सांगितले. म्हणाल्या, “रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. फार वाईट जाते रात्र. घंटा ऐकली की वाटतं, उजाडलं. त्याला सांगा माझं नाव घेऊन.”

मी त्याला सांगितले. तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी घंटा नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ वाजली, हे तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल.

तुमचा,
धर्मगुरू