फणीतला केस आणि चित्तातली गाठ



सकाळी स्नान झाले, विभूती लावली, इष्टलिंग करतळावर घेतले. पण चित्त कोठे आहे? ते फणीत अडकले आहे. काल किती केस गळले, आज किती गळले, हा हिशेब आत चालूच आहे. दृष्टी लिंगावर आणि मन न्हाणीच्या मोरीपाशी! आपल्यापैकी अनेकांची ही अवस्था आहे. तिला हसू नये. मुलगी पाहताना तिचा शेपटा न्याहाळणारा आणि मुलाच्या टकलावर कुजबुजणारा समाज आपणच ना? मग केस गळणाऱ्याने भिऊ नये तर काय करावे?

म्हणून आधी केसाचा धर्म जाणून घेऊ. माणसाच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. एकेक केस २ ते ६ वर्षे वाढतो, सुमारे ३ महिने विसावतो आणि गळतो. त्याच मुळातून पुन्हा नवा उगवतो. रोज ५० ते १०० केस जाणे स्वाभाविकच आहे. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, अपुरे अन्न किंवा मनाला बसलेला जबर धक्का यांनंतर पुष्कळ केस एकदम विसाव्याला जातात आणि २-३ महिन्यांनी झडू लागतात. तोवर कारण विसरलेले असते, म्हणून जीव अधिकच घाबरतो. असे गेलेले केस बहुधा काही महिन्यांत परत येतात.

रक्तातील लोह कमी असले, थायरॉइड बिघडला, चाई पडली, तर डॉक्टरांना दाखवावे. आनुवंशिक टक्कल काहींच्या बाबतीत औषधाने थोपते. पण औषध सोडले की गुणही ओसरतो. केसांची मुळे जन्माआधीच ठरलेली असतात. तेलाने केस मऊ होतात, नवे मूळ मात्र कोणतेही तेल निर्माण करीत नाही. तेव्हा जाहिरातीच्या बाटलीवर घरखर्चाचा पैसा ओतू नये.

आता अक्कमहादेवीकडे वळू. उडुतडीची ही शरणी राजवैभव सोडून, वस्त्रही टाकून कल्याणला आली. तिच्या अंगावर पांघरूण होते ते केवळ केसांचे. अनुभव मंटपात अल्लमप्रभूंनी तिला अडविले. वस्त्राचा मोह सुटला म्हणतेस, मग केसांचा आडोसा कशाला, असा त्यांच्या प्रश्नाचा आशय. प्रश्न कठोर होता. अक्का डगमगली नाही. पाहणाऱ्याच्या मनाला पीडा होऊ नये एवढ्यासाठीच तिने केस पुढे घेतले होते. स्वतःच्या शोभेसाठी नव्हे.

वाचकहो, तोच प्रश्न आज आपल्याला आहे. आपल्याला दाट केस हवेत ते कशासाठी? नीटनेटके दिसावे, ही साधी इच्छा आहे. तिच्यात पाप नाही. पण केस गेले म्हणजे माझी किंमत गेली, असे वाटत असेल तर गाठ केसात नाही, चित्तात आहे. केस असणे हे बंधन नव्हे आणि नसणे हे वैराग्य नव्हे. शरणांनी देहाला देवालय मानले. देवालयाची डागडुजी करावी, म्हणून वैद्याकडे जाणे योग्यच. परंतु कळसाचा एक चिरा ढळला म्हणून कोणी आतल्या देवाची पूजा बंद ठेवीत नाही.

उद्यापासून दोन नेम करून पाहा. फणीतले केस न मोजता टाकून द्या आणि पूजेला बसा. आणि दुसऱ्या कोणाच्या केसांवर, टकलावर एक शब्दही बोलू नका. पहिल्या नेमाने आपली चिंता हलकी होईल. दुसऱ्याने शेजारच्या घरातली एखादी मुलगी आरशासमोर रडायची थांबेल. तोही दासोहच आहे.

शरणु शरणार्थी.