शिदोरीचा हिशेब

लांबच्या पायी प्रवासात एखादा दिवस कमी चालण्याचा असतो. पिशवीतले जिन्नस संपत आलेले असतात, चपलेचा टाका उसवलेला असतो आणि पुढचा टप्पा मोठा असतो. अशा दिवशी चालणारा दुपारच्या आत एखाद्या बाजाराच्या गावात शिरतो, सामान भरतो आणि मुक्काम तिथेच करतो. अमरावतीहून गिरडला ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्याकडे निघालेल्या आम्हा पाच जणांना हा दिवस पुलगावला मिळाला. दर्ग्याला जावे की जाऊ नये, हा वाद आपल्यात जुना आहे. तो येथे नको. आमचा वाद वेगळ्याच गोष्टीवरून झाला.

धामणगावकडून येताना वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा संपतो आणि पुलगाव लागते. बाजारात शिरण्याआधी आम्ही यादी करू लागलो : पोहे, फुटाणे, गूळ, चहापत्ती, साबण, काडेपेटी. एकाचे म्हणणे, दोन दिवसांचे घ्यावे. दुसरा म्हणाला, "देणारा अल्लाह आहे, खांद्यावर ओझे कशाला? वाटेत लोक यात्रेकरूंना जेवू घालतातच." ऐकायला हे फार श्रद्धेचे वाटते. पण या श्रद्धेचे उत्तर चौदाशे वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. यमनचे काही लोक शिदोरी न घेता हजला निघत, आपण तवक्कुल करणारे आहोत असे सांगत आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. त्यांच्या संदर्भात सूरह बकरामध्ये शिदोरी सोबत घेण्याचा आदेश आला आणि सर्वांत चांगली शिदोरी तकवा आहे, हेही त्याच ठिकाणी सांगितले गेले. अनेकजण यातला दुसरा भागच लक्षात ठेवतात. आमच्या मते दोन्ही मिळून एकच गोष्ट आहे. आपल्या श्रद्धेचा खर्च दुसऱ्याच्या अंगावर न टाकणे, हासुद्धा तकवाच आहे.

किराणा दुकानात एक वयस्क गृहस्थ बसले होते. आम्ही कुठे निघालो हे कळताच त्यांनी तराजू बाजूला सारला. "बाबाले चालले का? मंग पैसे कायचे घेऊ?" आमच्यातला धाकटा लगेच खूश झाला. थोरला म्हणाला, "काका, आमच्याजवळ पैसे हायेत. तुम्ही घ्या." बरीच ओढाताण झाली. शेवटी काका म्हणाले, "बरं, बाकीचे देजा. पण गूळ माह्याकडून." तो गूळ आम्ही घेतला. तोही नाकारला असता तर ते प्रामाणिकपण राहिले नसते, नुसता ताठा झाला असता.

मुक्कामाला आल्यावर धाकट्याने विचारले, "पैसे द्यायचा हट्ट कशाला? मुसाफिराचा तर हक्कच असतो." खरे आहे. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत वाटसरू आहे. तो घरी सधन असला तरी वाटेत त्याचे हात रिकामे झाले असतील, तर जकात त्याला चालते. पण आमचे हात रिकामे नव्हते. प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये बँक होती. पाय दुखले तर पुलगावच्या स्टेशनवरून गाडीत बसून घरी जाण्याची सोय होती. आमचे चालणे आम्ही निवडलेले होते. ज्याला निवड आहे त्याने, निवड नसलेल्याच्या वाट्यात हात घालावा काय? आमचा प्रश्न एवढाच होता.

निवड नसलेले चालणारे आपण सर्वांनी 2020 साली पाहिले. 8 मे 2020 रोजी पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही मध्य प्रदेशातली माणसे भुसावळकडे पायी निघाली होती. त्यांनी सोबत बांधून घेतलेल्या पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या. ते छायाचित्र कोण विसरेल? शिदोरी उरली होती, खाणारे उरले नव्हते.

तो रमजानचा महिना होता आणि वार शुक्रवार होता. त्याच दिवसांत आमच्याही वस्तीवरून चालणारे गेले. काही मोहल्ल्यांतील तरुणांनी रस्त्यावर जेवण वाटले, ही गोष्ट खरी. आम्ही मात्र गेटबाहेर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, आत आलो आणि साबणाने हात धुतले. रोगाची भीती खरी होती, नियमही खरे होते. तरीही इफ्तारच्या दस्तरखानावर बसताना त्या माणसांना आज कुठे टेकायला मिळेल, हे आम्ही विचारले नाही. आम्ही गिरडला निघालो तर आमच्यासाठी तराजू बाजूला सारला जातो. घरी निघालेल्या मजुरासाठी आम्ही दाराची कडी लावली. कमी गरजेच्या माणसाचा आदर जास्त होतो. हा हिशेब कुठे तरी चुकलेला आहे.

सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अ. स.) आणि त्यांचे ज्ञानी सहप्रवासी, ज्यांना आपण हजरत खिज्र म्हणतो, एका गावात येऊन जेवण मागतात. गाव नकार देते. त्याच गावात पडायला आलेली एक भिंत ते सहप्रवासी उभी करून देतात. मूसा म्हणतात, याची मजुरी तरी घ्यायची होती. पुढे उलगडा होतो की भिंतीखाली दोन अनाथ मुलांचा ठेवा होता. ज्या गावाने घास दिला नाही, त्या गावातल्या पोरक्यांचे भले करून दोघे उपाशीपोटी पुढे गेले. मग ज्या गावाने गूळ दिला, त्याचे आपण किती देणे लागतो? आणि ज्यांना आपण काहीच दिले नाही, त्यांचे?

काकांना त्या गुळाची परतफेड आम्ही करू शकत नाही. त्यांनी ती घेतलीही नसती. ती अमानत आहे. पुढच्या चालणाऱ्याला द्यायची आहे, आणि तो कुठे निघाला आहे हे न विचारता द्यायची आहे.

गिरडच्या टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल दगड सापडतात. फकिराची टवाळी करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी तिथली आख्यायिका आहे. त्यांनी माफी मागितली तेव्हा बाबांनी वाळक्या पानांतून नवा माल करून दिला आणि ते व्यापारी कायमचे त्यांच्या सेवेत राहिले, असेही सांगतात. आख्यायिकेवर विश्वास ठेवा अथवा ठेवू नका. आम्ही त्यातला एक दगड हातात घेऊन पाहिला आणि परत जागेवर ठेवला. पिशवीत पुलगावच्या गुळाचा एक खडा अजून शिल्लक होता.