निकाल देणारा तिसरा

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरच्या मैदानात महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागातली निर्णायक कुस्ती रंगली होती. एका बाजूला शिवराज राक्षे, दुसऱ्या बाजूला पृथ्वीराज मोहोळ. मोहोळने राक्षेला खाली घेतले आणि पंचांनी चितपटचा इशारा दिला. राक्षेचे म्हणणे असे की आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते. शब्दाने शब्द वाढला आणि राक्षेने पंचांची कॉलर धरून लाथ मारली. त्याच दिवशी मोहोळविरुद्धच्या किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांशी बिनसून, शेवटचे काही सेकंद उरले असताना मैदान सोडून गेला. विजेत्याची गदा मोहोळच्या खांद्यावर आली. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

गंमत अशी की हेच राक्षे आणि गायकवाड जानेवारी २०२३मध्ये पुण्यात किताबासाठी समोरासमोर आले होते. दोघेही काका पवारांच्या तालमीतले. राक्षेने ती कुस्ती जिंकली आणि कोणी ब्र काढला नाही. त्या स्पर्धेत आठवडाभर गाजली ती वेगळीच कुस्ती, सिकंदर शेख आणि गायकवाड यांची. बाहेरली टांग हा डाव लागला की नाही, त्याचे चार गुण द्यायचे की नाही, यावर चहाच्या टपरीपासून वाहिन्यांपर्यंत जो तो पंच झाला होता. विजेत्याची कुस्ती मागे पडली आणि वादाची लक्षात राहिली.

चुरशीची जोड म्हटली की आपण दोन नावे घेतो. आखाड्यात मात्र माणसे तीन असतात.

खान्देशात हा तिसरा माणूस आधी जत्रेत भेटतो. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात, तापीकाठी, सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. ती घोड्यांच्या बाजारासाठी देशभर ओळखली जाते. खान्देशातल्या यात्रा-जत्रांना कुस्त्यांच्या दंगलीची जुनी जोड आहे. आधी पोरासोरांच्या कुस्त्या, कधी नारळावर, कधी रेवड्यांवर. मग इनामाचा आकडा चढत जातो. पहिलवान वाकून माती कपाळाला लावतो, चिमूटभर समोरच्याच्या अंगावर टाकतो, हात मिळवतो. पंच म्हणजे बहुधा गावातलाच जुना पहिलवान, डोक्याला फेटा, पायात चप्पल नाही. पाठ लागली की नाही हे बघायला तो मातीत गुडघे टेकतो. त्याचा निकाल पटला नाही तर कडे करून बसलेले लोक उठतात, वस्ताद पुढे येतात, आरडाओरडा होतो आणि पुष्कळदा ‘पुन्हा लावा’ यावर मिटते. फारच ताणले तर कुस्ती बरोबरीत सोडवून इनाम वाटून देतात. त्यात चूक होत नाही असे नाही, पण ती तिथल्या तिथे, त्याच मातीत निस्तरता येते.

मुष्टियुद्धात ही सोय नाही. १६ मार्च १९७१ रोजी लंडनच्या वेम्बली इथे हेन्री कूपर आणि जो बग्नर समोरासमोर आले. कूपर ३६ वर्षांचा, इंग्रजांचा लाडका. त्याने १९६३मध्ये कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, याला डाव्या ठोशाने खाली बसवले होते. बग्नर २१ वर्षांचा, हंगेरीत जन्मलेला. ब्रिटिश, युरोपीय आणि राष्ट्रकुल असे तिन्ही किताब पणाला लागले होते. पंधरा फेऱ्या झाल्या. ब्रिटनमध्ये तेव्हा गुण देण्याचे काम एकट्या रेफरीकडे असे. रेफरी हॅरी गिब्ज यांनी बग्नरचा हात वर केला. फरक फक्त पाव गुणाचा.

कूपरने तिथेच हातमोजे उतरवले. पुढे अनेक वर्षे तो गिब्ज यांच्याशी बोलला नाही. जिंकलेल्या बग्नरच्या वाट्यालाही सुख आले नाही, कारण लाडक्या नायकाला घरी बसवणारा म्हणून प्रेक्षकांनी त्याला कधी मनापासून आपले म्हटले नाही. पाव गुणाने दोघांचेही नुकसान केले.

अनिर्णित वैरावर पैसाही उभा राहतो. नायजेल बेन आणि ख्रिस युबँक या ब्रिटिश मुष्टियोद्ध्यांची पहिली झुंज १९९०मध्ये बर्मिंगहॅमला झाली. युबँकने ती नवव्या फेरीत संपवली. १९९३मध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर दुसरी झाली, ती बरोबरीत सुटली. तिसरी कधी झालीच नाही. ती उणीव भरून काढायला २०२५मध्ये त्यांची मुले रिंगणात उतरली. एप्रिलमध्ये धाकटा युबँक जिंकला, नोव्हेंबरमध्ये कॉनर बेनने परतफेड केली. न सुटलेला हिशेब तिथल्या आयोजकांना बत्तीस वर्षांनीही विकता आला.

आपल्याकडे असा हिशेब पहिलवानाच्या अंगावर पडतो. महाराष्ट्र केसरी वर्षातून एकदा. हुकली की पुन्हा वर्षभराचा खुराक, जोर-बैठका आणि घरच्यांचा खर्च. शिवाय गदेबरोबर नोकरीची आशा असते. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्याच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे गदा आणली आणि त्यानंतर तो पोलीस खात्यात उपअधीक्षक झाला. खान्देशातल्या तालमीत घाम गाळणाऱ्या पोरासमोर हे उदाहरण रोज उभे असते. म्हणजे पंचाच्या एका शिट्टीत एक गुणच नव्हे, एक वर्ष आणि कदाचित एक सरकारी नोकरी असते. राक्षेच्या लाथेचे समर्थन होऊ शकत नाही, बंदी योग्यच. पण लाथ कुठून आली हे यातून कळते.

उलट चित्रही याच स्पर्धेने दाखवले आहे. ७ जानेवारी २०२०, पुण्यातले बालेवाडी. अंतिम लढतीत नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघेही काका पवारांचेच पठ्ठे. निकाल ३-२, म्हणजे एका गुणाचा. सदगीरने हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतले आणि मैदान टाळ्यांनी दणाणले. एका तालमीत वाढल्याचा जिव्हाळा होताच. पण बालेवाडीत गुण कसे पडले याबद्दल दोघांच्याही मनात किंतु नव्हता, ही बाब जास्त मोलाची.

जागतिक कुस्तीत प्रशिक्षकाला निकालावर दाद मागता येते. चित्रफीत पाहिली जाते आणि दाद फेटाळली गेली तर समोरच्याला एक गुण मिळतो. त्यामुळे ऊठसूट कोणी हात वर करत नाही. राज्यातल्या मोठ्या मैदानांवर ही व्यवस्था काटेकोर हवी, तसेच पंचांचे नियमित प्रशिक्षण आणि पुरेसे मानधनही हवे. आज दंगलीच्या पत्रकावर पहिलवान, वस्ताद, इनाम आणि देणगीदार ठळक अक्षरांत असतात. पंचाचे नाव छापलेच तर बहुधा तळाशी, मंडपवाल्याच्या आसपास.