झाकली मूठ कुणासाठी?

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आम्हां मराठी मुसलमानांना दोन अर्थांनी ऐकवली जाते. एक अर्थ साऱ्या महाराष्ट्राचा : घरातले घरात राहू द्यावे. दुसरा खास आमच्यासाठी : समाज आधीच संशयाच्या नजरेखाली आहे, तेव्हा आपल्या उणिवा चव्हाट्यावर मांडून विरोधकांच्या हाती आयते कोलीत देऊ नये. हा दुसरा अर्थ अगदीच खोटा नाही. तलाकवर, हुंड्यावर, मुलींच्या शिक्षणावर आमच्यातल्या कुणी पोटतिडकीने लिहावे आणि ते भलत्याच माणसाने भलत्याच सभेत वापरावे, असे पुष्कळदा घडते. म्हणून प्रश्न उरतो : आपले सत्य आपल्याच विरुद्ध वापरले जाणार हे ठाऊक असताना ते बोलावे की गिळावे?

या प्रश्नाचा विचार आम्ही इथे एका चित्रमालिकेच्या निमित्ताने करणार आहोत. ती इजिप्तची आहे. २०१३ साली कैरोतल्या दीना मोहम्मद या अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीने इंटरनेटवर स्वतःच काढून स्वतःच प्रसिद्ध करायला सुरुवात केली. नायिकेचे नाव काहिरा. अरबीत हे कैरो शहराचेच नाव आणि त्याचा अर्थ विजयिनी. सुपरमॅनसारखी अचाट ताकद, हातात तलवार, अंगावर काळा पायघोळ पोशाख आणि डोक्यावर हिजाब अशी ही नायिका. ती प्रथम कुणावर चालून जाते? बायकोने मुकाट्याने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे, असे सांगणाऱ्या आपल्याच समाजातल्या उपदेशकावर. आणि लगेच पुढच्या चित्रकथेत? मुसलमान स्त्रियांना न विचारता त्यांची ‘सुटका’ करायला निघालेल्या युरोपीय आंदोलक बायकांवर. याला त्याच वर्षीचा संदर्भ होता. एप्रिल २०१३ मध्ये फेमेन या संघटनेने युरोपात मशिदी आणि वकिलातींसमोर उघड्या अंगाने निदर्शने केली होती. आम्हाला कुणी विचारले का, असे त्यावर कित्येक मुस्लिम स्त्रियांनी तेव्हाच सुनावले होते.

वरवर पाहता हे दोन शत्रू एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभे आहेत. एक म्हणतो, अंग झाक. दुसरा म्हणतो, उघड कर. पण दोघांनाही त्या बाईशी बोलायचे नाही, तिच्याविषयी बोलायचे आहे. दीना मोहम्मदने हे नेमके हेरले. दोघांचा अन्याय एकाच जातीचा आहे, म्हणून एकावर बोलताना दुसऱ्यावर गप्प राहता येत नाही.

इथे कुणी म्हणेल, हा तर तराजू झाला. घरच्यांना एक टोला, बाहेरच्यांना एक टोला, म्हणजे हिशेब चुकता. आम्हाला तसे वाटत नाही. रस्त्यावरच्या छेडछाडीवरही तिने चित्रकथा काढली. २०१३ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या एका पाहणीत इजिप्तमधल्या ९९.३ टक्के स्त्रियांनी आपल्याला कोणत्या ना कोणत्या प्रकारची छेडछाड सोसावी लागल्याचे सांगितले होते. ज्या देशात बहुसंख्य मुस्लिम स्त्रिया डोके झाकतात, तिथला हा आकडा. कपड्यांमुळे बाई सुरक्षित राहते किंवा कपड्यांमुळेच ती संकटात येते, हे दोन्ही दावे एवढ्या एका आकड्यापुढे कोसळतात. या बाबतीत समोरच्या पारड्यात टाकायला बाहेरचा गुन्हेगार शोधण्याची गरज नव्हती आणि तिने तो शोधला नाही. छेडछाडीला स्पष्ट गुन्हा ठरवणारी दुरुस्ती इजिप्तच्या कायद्यात जून २०१४ मध्ये आली. तिचे श्रेय एका चित्रमालिकेला देणे भाबडेपणाचे होईल. पण ज्या गोष्टीबद्दल घराघरांत मूठ झाकलेली होती, ती उघडणाऱ्या अनेक हातांपैकी हा एक हात होता.

‘स्वतंत्र’ या शब्दाचाही इथे विचार करायला हवा. इजिप्तमध्ये मोठ्यांसाठीची पहिली चित्रकादंबरी म्हणून ओळखली जाणारी मगदी अल् शाफई यांची ‘मेट्रो’ २००८ साली छापून आली आणि पोलिसांनी प्रती जप्त केल्या. पुढच्या वर्षी न्यायालयाने चित्रकार आणि प्रकाशक या दोघांनाही पाच-पाच हजार पौंडांचा दंड केला. छापखान्याच्या वाटेवर असा पहारा होता, म्हणून नव्या पिढीला इंटरनेट मोकळे वाटले. परंतु स्वातंत्र्य म्हणजे केवळ पहारेकऱ्याचा अभाव नव्हे. २०१४ साली अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीने कमला खान ही पाकिस्तानी वंशाची मुस्लिम नायिका आणली. तिच्या निर्मितीतही मुस्लिम स्त्रियांचा मोठा वाटा होता आणि ती वाचनीयही आहे. पण ती नायिका कंपनीच्या मालकीची. तिचे पुढे काय व्हायचे, ते शेवटी कंपनी ठरवते. काहिराचे तसे नाही. तिच्या निर्मातीला हुकूम देणारा कुणी नाही, तसाच तिला पाठीशी घालणाराही कुणी नाही. चूक झाली तर ‘संपादकांनी बदलले’ असे म्हणायची सोय नाही. स्वतंत्र लेखक तोच, ज्याला आपल्या प्रत्येक रेषेचा जबाब स्वतः द्यावा लागतो.

हे स्वातंत्र्य प्रभावांपासूनचे मात्र नाही. आपल्याकडे ‘हे परक्यांचे अनुकरण’ एवढे म्हटले की वाद मिटला असे समजतात. अचाट ताकदीच्या नायकाचा साचा अमेरिकी आहे, हे खरेच. पण १९३८ साली सुपरमॅन जन्माला घालणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे ज्यू स्थलांतरितांची मुले होती. उपऱ्या ठरलेल्यांनी आपल्या स्वप्नासाठी घडवलेला साचा दुसऱ्या संशयित समाजातल्या मुलीने उचलला, तर त्यात परके काय राहिले? उलट, ज्याला आपण आपले म्हणतो तो अल्लाउद्दीनचा दिवाही हलब शहरातल्या हन्ना दियाब या सिरियन ख्रिश्चनाने १७०९ साली पॅरिसमध्ये गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला सांगितला आणि मग ‘अरबी रात्रीं’त गेला. गोष्टींना पारपत्र लागत नाही. उसनवारी केली म्हणून कुणी गुलाम होत नाही. उसने घेतलेल्यातून आपण कुणाशी बोलतो, हे पाहायला हवे.

आणि कुणाशी बोलायचे हे भाषेवरून ठरते. काहिरा सुरुवातीला इंग्रजीत आली, पण लवकरच अरबीतही येऊ लागली. आमच्या मते हे पाऊल तलवारीपेक्षा धाडसाचे होते. घरची तक्रार परक्या भाषेत सांगणे एकपरी सोपे असते. तिथे सहानुभूती पटकन मिळते. तीच तक्रार घरच्या भाषेत केली की शेजारी, मामा, खाला, मोहल्ल्यातले बुजुर्ग सगळे उत्तर मागायला येतात. दीना मोहम्मद स्वतः हिजाब घालत नाही. मग तिने हिजाबी नायिका का काढावी, असा आक्षेप घेता येईल. तो रास्तही आहे. त्यावर आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की कुणाचे चित्र काढण्याचा हक्क पोशाखाच्या सारखेपणाने मिळत नाही. जिचे चित्र काढले तिच्यात राहावे, तिच्या भाषेत ते तिच्यापुढे ठेवावे आणि तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, यातून तो मिळतो.

तलवारीने प्रश्न सुटतात का, हा आक्षेप अधिक खोल आहे. सुटत नाहीत. हिचे पुढचे मोठे काम पाहिले की आम्हाला वाटते, ते तिलाही उमगले असावे. ‘शुबैक लुबैक’ या चित्रकादंबरीला २०१७ साली कैरोच्या कॉमिक्स महोत्सवात पारितोषिक मिळाले आणि २०२३ मध्ये तिनेच केलेले इंग्रजी भाषांतर उजवीकडून डावीकडे वाचायच्या रूपातच अमेरिकेत निघाले. त्या जगात इच्छा बाटल्यांतून विकत मिळतात आणि त्यांच्याही प्रती असतात. पै पै साठवून उंची इच्छा विकत घेणाऱ्या गरीब विधवेलाच सरकारी अधिकारी तुरुंगात डांबतात. टपरीवाला शुकरी ती इच्छा विकतो, पण वापरणे धर्माला मंजूर नाही म्हणून स्वतः वापरत नाही. या श्रद्धाळू माणसाची लेखिका कुठेही टर उडवत नाही. त्याची घालमेल ती त्याच्या बाजूने समजून घेते. उपदेशकावर तलवार घेऊन गेलेल्या लेखणीने शुकरीला इतक्या मायेने रेखाटावे, ही आम्हाला मोठी वाढ वाटते. समाजाचे दोष दाखवण्याचा अधिकार त्या समाजातल्या साध्या माणसाविषयी आस्था असणाऱ्यालाच शोभतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साक्ष न्यायाने द्यावी, मग ती स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध का जाईना, ही सूरह निसाची शिकवण आमच्यातल्या बहुतेकांनी ऐकलेली आहे. एखाद्या गटाच्या वैरापायी आपण न्याय सोडू नये, ही सूरह माइदाची शिकवणही तितकीच परिचयाची आहे. पहिली आपल्याच माणसांविरुद्ध बोलायची वेळ आली तर काय करावे ते सांगते, दुसरी वैऱ्याबाबत. दोन्हींत कुठेही अशी सवलत दिसत नाही की ऐकणारा गैरफायदा घेईल असे वाटले तर साक्षच देऊ नये.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागेही आपल्याविषयी आपणच आणि इथल्याच भाषेत बोलावे, ही आस होती. गैरवापराची भीती तेव्हा होती, आजही आहे. पण मूठ झाकून ठेवण्याची किंमत नेहमी मूठ झाकणारे मोजत नाहीत. ती बहुतेक वेळा त्या मुठीत गुदमरणारी बाई, पोर, गरीब मोजत असतात. आपली मूठ नेमकी कुणाच्या भल्यासाठी झाकलेली आहे, हे प्रत्येक लिहित्या हाताने, आणि चित्र काढणाऱ्याही हाताने, स्वतःला विचारायला हवे.