निकालाची घाई

दिवाळीच्या दिवसांत खटल्याची गोष्ट कशाला, असे वाचक म्हणतील. पण गेली तीन वर्षे सुट्टी लागली की फराळाच्या बशीशेजारी माझ्यापुढे एकच पुस्तक असते : फ्रान्झ काफ्काची ‘डेर प्रोत्सेस’ ही अपुरी कादंबरी. शालान्त परीक्षेपुढे मी शिकलो नाही. जर्मन मला येत नाही. इंग्रजी भाषांतरे समोर ठेवून, जर्मन जाणणाऱ्या एका स्नेह्याला वारंवार त्रास देऊन, मी ती मराठीत आणू पाहतो आहे.

योझेफ के. हा बँकेतला वरच्या हुद्द्याचा माणूस. तिसाव्या वाढदिवशी सकाळी त्याला अटक होते. कशासाठी, ते कोणी सांगत नाही. अटक होऊनही तो रोज कामावर जातो. न्यायालयाच्या कचेऱ्या मात्र गरीब वस्तीतल्या घरांच्या माळ्यांवर सापडतात. वर्षभराने, एकतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, दोन माणसे त्याला दगडाच्या खाणीत नेऊन ठार करतात. काफ्का स्वतः कायद्याचा पदवीधर, प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. कागद कसे हलतात हे त्याने जवळून पाहिले होते.

माझे घोडे पहिल्याच वाक्यात अडले. के.ने काही वाईट केलेले नव्हते, असे तिथे म्हटले आहे. पण स्नेही सांगतात, मूळ क्रियापदाच्या रूपात शंकेला बारीकशी फट राहते. ‘केले नसताना’ लिहावे, तर मीच त्याला निर्दोष सोडून देतो. ‘केले नसावे’ लिहावे, तर मीच संशय घेतो. शिवाय मूळ शब्द ‘वाईट’ असा आहे. ‘गुन्हा’ हा कचेरीचा शब्द. ‘वाईट’ हा मनाचा. पुढे ‘शुल्ड’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ दोष, आणि देणेही. ‘अपराध’ म्हटले की देणे निसटते. ‘ऋण’ म्हटले की न्यायालय निसटते.

बरे, मूळ पुस्तक तरी पक्के आहे का? काफ्काने ते १९१४-१५ साली लिहिले. आरंभ आणि शेवट आधी लिहून झाले, मधला भाग अपुरा राहिला, असे अभ्यासक मानतात. १९२४ साली तो वारला. आपले लिखाण जाळून टाकावे, असे त्याने मित्र माक्स ब्रोडला कळवून ठेवले होते. ब्रोडने ते जाळले नाही; सुट्या प्रकरणांचा क्रम स्वतः लावून १९२५ साली पुस्तक छापले. म्हणजे आपण ज्याचा अर्थ लावतो, त्याचा क्रमही आधी कोणीतरी लावलेला आहे.

कॅथीड्रलमध्ये एक धर्मगुरू के.ला कायद्याच्या दारात जन्मभर ताटकळलेल्या खेडुताची गोष्ट सांगतो. के. लगेच म्हणतो, द्वारपालाने त्याला फसवले. धर्मगुरू त्याला घाई करू नकोस म्हणतो. ही ओळ आली की माझा हात थांबतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात सहलीचे पैसे हरवले. कोणीतरी एका मुलाचे नाव घेतले. मी त्याला उभे केले. तो थरथरत होता. “काही केले नाहीस, तर घाबरतोस कशाला?” मी सर्वांसमोर विचारले. दुसऱ्या दिवशी पैसे माझ्याच हजेरीपटात सापडले. मी क्षमा मागितली. त्याने मान हलवली, पण पुढे वर्गात हात वर केला नाही. के. आपण निर्दोष आहोत म्हणतो, तेही त्याच्या दोषाचेच लक्षण धरले जाते. हा न्याय प्रागमध्येच चालतो असे नाही. त्या दिवशी तो माझ्या टेबलामागे बसला होता.

भाषांतरकाराचे काम अर्थ सांगणे आहे, निकाल देणे नाही, एवढेच या पुस्तकाने मला शिकवले. अर्थ अपुरा ठेवायला धीर लागतो; माणसाच्या बाबतीत तर अधिकच.

पहिले वाक्य अजून पुरे झालेले नाही. ‘गुन्हा’ मी खोडला आहे. तिथे सध्या ‘वाईट’ आहे.