भाड्याच्या भिंतीला पक्कं काम

जी जागा आपली नाही, जिथनं उद्या उठावं लागणार आहे, तिथं पक्कं काम करावं का? प्रश्न दिसायला बारका आहे. पण आमच्या भागात निम्मी माणसं आयुष्यभर हाच प्रश्न घेऊन जगतात. बटईनं रान करणारा, भाड्यानं गाळा घेणारा, ऊसतोडीला जाऊन खोपी घालणारा, सगळ्यांपुढं तो आहे. शहाणी माणसं एका शब्दात उत्तर देतात, "करू नगं." मला मात्र ते उत्तर पुरं वाटत नाही. का वाटत नाही ते सांगतो.

माझ्या पुतण्यानं आयटीआयला फिटरची दोन वर्षं केली आणि आटपाडीच्या रस्त्याला एक गाळा भाड्यानं घेतला. दहा बाय चौदा फुटांचा. तिथं पाण्याच्या मोटारी, औषध फवारणीचे पंप आणि कडबाकुट्टी दुरुस्त करायची. आमच्याकडं डाळिंबाच्या बागा आहेत, त्यामुळं फवारणीचा पंप बंद पडला की माणूस जेवण सोडून पळत येतो. धंदा चालणारा होता. करार अकरा महिन्यांचा.

पोराच्या मनात होतं, तिन्ही भिंतींना लागून लाकडी टेबलं बसवायची. नुसती ठेवायची नाहीत, मापात बसवायची. भिंतीला चिकटून, कोपऱ्यात फट न राहता, खाली हत्यारांचे कप्पे. त्याचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, एकदम तापला. "दुसऱ्याच्या भिताडात पैसा घालतोयस व्हय? अकरा म्हैन्यानं हाकललं तर टेबल डोक्यावर घिऊन फिरणार का? दोन लोखंडी घोडे आण, वर फळी टाक, झालं काम." पोरगं माझ्याकडं बघायला लागलं, "आण्णा, तुम्हीच सांगा."

मी सुतारमामांना विचारलं. मामांचं वय पंचाहत्तर. त्यांनी बलुतं खाल्लेलं आहे आणि रोखीचा धंदाही केलेला आहे. ते म्हणाले, "हलणाऱ्या टेबलावर कानस चालत नाय. हात म्होरं जातो, टेबल म्होरं जातं, लोखंड हाय तिथंच." मग त्यांनी उदाहरण दिलं. मोटारीचं बेअरिंग बसवताना शाफ्ट सरळ आणि घट्ट धरावा लागतो. टेबल डुललं की बेअरिंग तिरकं ठोकलं जातं. मोटार चालू होते, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. पण आठवड्यात ती आवाज करते, तापते आणि नेमकी रात्रीच्या लाइटीला रानात बंद पडते. बाग वाळायला लागते.

इथं मला पहिली गोष्ट कळली. आम्ही सगळे दोघांचाच हिशेब करत होतो, भाडेकरू आणि गाळामालक. पक्कं केलं तर मालकाचा फायदा, कच्चं केलं तर आपले पैसे वाचले. पण तिसरा माणूस होताच की. तो म्हणजे मोटार घेऊन येणारा शेतकरी. त्याचं आणि गाळ्याच्या मालकीचं काही देणंघेणं नाही. टेबल कुणाच्या भिंतीला आहे हे तो विचारत नाही. कच्च्या टेबलाची किंमत मात्र तोच भरतो.

बहात्तरचा दुष्काळ आठवतो. मी तेव्हा लहान होतो. गावची सगळी माणसं बंडिंगच्या आणि तलावाच्या कामावर होती. सुकडी खाऊन दिवस काढले. ज्यांच्या नावावर गुंठाभर रान नव्हतं, त्यांनी दुसऱ्यांच्या रानात ताली घातल्या, पाझर तलावाचा भराव रचला. माप भरलं की मजुरी, एवढाच व्यवहार. पण काही बायका दगड नुसता टाकत नव्हत्या. चेपून, पाचर मारून बसवत होत्या. त्यांना त्याचा एक पैसा जास्त मिळत नव्हता. त्यातली एक ताल आमच्या शेजारच्या रानात आजही माती धरून आहे. ज्यांनी घातली त्यांची नातवंडं पुण्याला वॉचमन आहेत. ताल त्यांच्या नावावर कधीच नव्हती, पण त्या तालीखालच्या विहिरीला पाणी आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पक्कं करा, देव बघतो, असं लिहून मोकळा झालो असतो. पण मला दुसरी बाजूही ठाऊक आहे आणि ती घरातली आहे.

माझे वडील दोन एकर रान बटईनं करायचे. निम्मं मालकाला, निम्मं आपल्याला. रान हलकं होतं. वडिलांनी दोन वर्षं आमच्या उकिरड्यातलं सगळं शेणखत त्या रानात ओढलं. कुंदा खणून काढला, बांध घातले. तिसऱ्या वर्षी शाळू असा आला की वाटेनं जाणारा थांबून बघायचा. खळं झालं आणि मालकानं रान काढून घेतलं, आपल्या पाहुण्याला लावलं. वडील म्हणाले, "तीन वर्षं पोटाला मिळालं." आई तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "आपल्या अर्ध्या एकरात ते खत पडलं असतं तर पोरांच्या पोटात गेलं असतं." मला अजून वाटतं, दोघांपैकी आईचं बोलणं जास्त खरं होतं.

मालक तसं का वागत, यालाही कारण होतं. कुळकायदा 1948 चा. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन धरून कसणारा जमिनीचा मालक झाला. हजारो घरांचं त्यात भलं झालं. पण त्यानंतर मालक मंडळी सावध झाली. बटईची नोंद सातबाऱ्याला होऊ द्यायची नाही, दोन-तीन वर्षांत वाटेकरी बदलायचा, अशी रीत पडली. कसणाऱ्याला थारा देण्यासाठी आलेल्या कायद्याच्या भीतीनंच माझ्या बापाचा थारा गेला. गाळ्याच्या अकरा महिन्यांचंही तसंच. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो असं 1908 चा नोंदणी कायदा सांगतो, म्हणून अकराची चाल पडली. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे कायद्यानं असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदवलेलाच पाहिजे असं ठरवलं, तरी अकराचा आकडा काही सुटला नाही. माणसाला मुळं धरू द्यायची नाहीत, हे त्या आकड्यात आहे.

तेव्हा माझा भाऊ चिकट म्हणून बोलत नव्हता. त्यानंही तो शाळू बघितला होता. गरिबानं मन लावून काम करायचं आणि त्याची मलई जागेवाल्यानं खायची, याला चांगुलपणा म्हणता येत नाही. उलट अशा चांगुलपणाची चटक मालकाला लागते. गाळा सजला की भाडं वाढतं.

मग यातनं वाट काय? मला वाटतं, गुंता 'पक्कं' या शब्दात आहे. आपण पक्कं आणि अडकलेलं एकच समजतो. मामांनी ते दोन वेगळं करून दाखवलं. आमच्या पाडलेल्या माळवदाच्या तुळया पडून होत्या. चाळीस-पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड, आता ते वाकणार नव्हतं. मामांनी त्याच्या दोन इंची फळ्या काढून घेतल्या. टेबल एक सलग केलं नाही, तीन तुकडे केले. पाय, आडव्या पट्ट्या, फळी, सगळं नट-बोल्टवर. भिंतीला चार-चार बोल्ट. कसलं की घण मारला तरी हलत नाही, पाना लावला की अर्ध्या दिवसात टेम्पोत बसतं. 1882 चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदाही हेच सांगतो, की वेगळं काही ठरलं नसेल तर भाडेकरूनं बसवलेली वस्तू जागा सोडण्याआधी काढून न्यावी, फक्त जागा जशी घेतली तशी परत द्यावी. म्हणजे भोकं सिमेंटनं बुजवायची. तरी मी पोराला म्हणालो, "मालकाला आधी सांग आणि करारात एक ओळ घाल." त्यानं घातली. मालकानं आढेवेढे न घेता सही केली. आधी विचारलं की माणूस बरा वागतो, मागनं कळलं की वाकडा होतो, एवढं मी बघितलेलं आहे.

मापाचा प्रश्नही निघाला. व्हाईसचा जबडा कोपराच्या उंचीला पाहिजे, तर कानस मारताना खांदा दुखत नाही. पण कोपर कुणाचं? पुतण्या उंच, हाताखालचं पोरगं बुटकं. गाळा पुतण्याचा आणि घाम दोघांचा. मामांनी उंची पुतण्याची धरली आणि पोरग्यासाठी खाली उभं राहायला लाकडी पाट केला. म्हणाले, "बुटक्याला उंच करता येतं, उंचाला तासता येत नाय." टेबलाची खोली दोनच फूट ठेवली. त्यापलीकडं हात पुरत नाही आणि तिथं फक्त भंगार साठतं.

एक गोष्ट मात्र नट-बोल्टनं सुटली नाही. गाळ्याची भिंत मधे पोटाळलेली आणि कोपरा काटकोनात नव्हता. तीन फूट, चार फूट मोजून दोरी धरली तर तिरकी रेघ पाच फुटांना दोन बोटं जास्त भरली. मामांनी फळी भिंतीजवळ धरली, लाकडाचा एक तुकडा भिंतीला टेकवून त्यासंगट पेन्सिल ओढत नेली आणि भिंतीचं पोट जसंच्या तसं फळीवर उतरवलं. त्या रेघेवर कापून फळी सरकवली तर मागं पोस्टकार्ड जाईना. आता बारके स्क्रू मागं पडून हरवत नाहीत. पण ती फळी जगात त्या एकाच भिंतीला बसते. गाळा सोडला की तिची मागची कड वाया.

भावानं बरोबर तेवढ्यावरच बोट ठेवलं, "ही एवढी तरी गेलीच की." गेली. मी नाही म्हटलं नाही. कितीही हुशारीनं केलं तरी दुसऱ्याच्या जागेत काहीतरी सोडावं लागतंच. प्रश्न एवढाच की किती सोडायचं आणि ते आपण बघून-समजून सोडतो की आपल्याकडनं काढून घेतलं जातं. वडिलांचं वीस गाड्या खत गेलं ते मला सलतं, कारण ते जाणार हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि कागदावर त्यांची ओळ नव्हती. फळीची कड पोरानं डोळे उघडे ठेवून सोडली. एका फळीची बोटभर कड देऊन त्याला सरळ बेअरिंग बसवता येत असेल, तर तो सौदा मला मान्य आहे.

म्हणून माझं उत्तर असं. काम पक्कंच करावं, कारण ते जागामालकासाठी नसतं, ज्याच्या उपयोगी पडायचं त्याच्यासाठी असतं. पण आपलं जे आहे ते आपलं म्हणून आधी बोलून, लिहून ठेवावं आणि पाना कुठं ठेवलाय ते विसरू नये. पुतण्याचा करार आत्तापर्यंत दोनदा वाढला. दुसऱ्या खेपेला भाडं पाचशेनं चढलं. भाऊ म्हणाला, "बघ, मी म्हणलं नव्हतं?" पुतण्यानं काही उत्तर दिलं नाही. व्हाईसमध्ये कुणाच्यातरी मोटारीचा शाफ्ट होता आणि तो माणूस दारात उभा राहून पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होता.