सवय आणि सद्‌गुण

'सवय' या शब्दाला आपल्या भाषेत फारसा मान नाही. सवय जडते, लागते, सुटता सुटत नाही. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' या म्हणीने तर तिच्यावर शिक्काच मारला आहे. रोज सकाळी वृद्ध वडिलांच्या हाती चहाचा पेला देऊन त्यांची विचारपूस करणाऱ्या मुलाची कोणी स्तुती केली, की दुसरा म्हणतो, ''त्यात काय विशेष? त्याला तशी सवयच आहे.'' जणू सवय म्हटली की कृतीचे मोल उतरले! सवयीने घडलेले सत्कृत्य खरोखरच सत्कृत्य ठरते काय, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही. आपल्या दिवसाचा बराचसा भाग सवयीनेच पार पडतो. त्याला नैतिक मोल नसेल, तर आपल्या आयुष्यात उरले तरी काय?

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर दिले. घरे बांधता बांधता माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवता वाजवता वादक होतो. त्याचप्रमाणे न्यायाने वागता वागताच तो न्यायी होतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. सद्‌गुण आपण जन्मतः घेऊन येत नाही. ते ग्रहण करण्याची पात्रता तेवढी घेऊन येतो. सुख हेही त्याच्या मते एखाद्या दिवसाचे पीक नव्हे. ते सबंध आयुष्याच्या वळणातून सिद्ध होते.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने मात्र सवयीकडे संशयाने पाहिले. १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या मानवशास्त्रावरील ग्रंथात त्याने असे मत मांडले, की यांत्रिक सवय मनाचे स्वातंत्र्य हिरावून घेते आणि त्यामुळे चांगल्या कृतीचेही नैतिक मोल नाहीसे करते. हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. मुलाचा हात पेला पुढे करतो, पण डोळे मोबाईलवर खिळलेले असतात. 'बरे वाटते ना?' हा प्रश्न ओठ विचारतात, पण उत्तर ऐकायला कान जाग्यावर नसतात. तेथे सेवा उरली, सेवक मात्र निघून गेला.

आम्हांला वाटते, दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. सवय हे बी पेरण्याजोगे शेत आहे. पण शेताकडे पाठ फिरवली की तेथे तण माजते. सवय लावून घ्यावी लागते आणि लागल्यावर तिला जागे ठेवावे लागते.

लावून घेण्यास धीर हवा. लंडनमधील संशोधकांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. जेवणाबरोबर फळ खाणे, पाणी पिणे, थोडे धावणे अशी एखादी साधी गोष्ट प्रत्येकाने निवडली होती. ज्यांच्या नोंदींवरून हिशेब मांडता आला, त्यांच्यात सवय अंगवळणी पडण्याचा मध्यगत काळ ६६ दिवस निघाला. पण व्यक्तिपरत्वे तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडले नाही, हेही त्यात आढळले. उपवासकाळाचा निश्चय तिसऱ्याच दिवशी मोडला म्हणून हात टेकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जागे कसे ठेवावे? अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याने तेरा सद्‌गुणांची यादी करून एक लहानशी वही बाळगली होती. दर आठवड्याला एका सद्‌गुणाकडे विशेष लक्ष द्यायचे आणि जेथे चुकले तेथे काळा ठिपका मांडायचा, असा त्याचा परिपाठ होता. पूर्णत्व त्याला लाभले नाही, नीटनेटकेपणा तर अखेरपर्यंत साधला नाही. तरी या प्रयत्नाने आपण अधिक चांगले आणि अधिक सुखी झालो, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. मात्र वहीचा एक धोका आहे. आज आपली पावले, झोप, पाण्याचे पेलेसुद्धा यंत्रे मोजतात. मोजता मोजता माणूस स्वतःभोवतीच फिरू लागला, तर हिशेब चोख राहील आणि शेजारी उपाशी राहील.

संत इग्नेशियस लोयोला यांची वाट याहून वेगळी आहे. १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता लाभलेल्या त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. पहिली पायरी चुका शोधण्याची नाही; ती मिळालेल्या दानांबद्दल परमेश्वराचे आभार मानण्याची आहे. त्यानंतर स्वतःला ओळखण्याची कृपा मागायची, मग दिवसाची झडती घ्यायची, क्षमा मागायची आणि सुधारणेचा निश्चय करायचा. आभारापासून निघालेला हिशेब माणसाला स्वतःत कोंडत नाही. तो ज्यांच्याकडून मिळाले त्यांच्याकडे आणि ज्यांचे देणे राहिले त्यांच्याकडे नेतो. चांगल्या सवयीची हीच कसोटी आम्ही मानतो: तिच्यामुळे दुसरा माणूस आपल्याला अधिक स्पष्ट दिसू लागला पाहिजे.

या कसोटीवर आपल्या घरांतील एक सवय तपासून पाहू. ती म्हणजे अबोला. बांधावरून किंवा वाटणीवरून दोन भावांत बोलाचाली होते. प्रथम राग असतो, मग मान आडवी येतो, आणि काही वर्षांनी दोन्ही नाहीसे होतात. उरते ती केवळ न बोलण्याची सवय. दोघे एकाच मिस्सेला येतात आणि दोन वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. कारण विचारले तर मुलांना ते सांगताही येत नाही. हे वैर आता द्वेषावर नव्हे, निव्वळ परिपाठावर जगत असते.

परिपाठाने बांधलेले परिपाठानेच सुटते. त्यासाठी मोठ्या समेटाची वाट पाहण्याचे कारण नाही. आज नुसती मान हलवावी, उद्या 'कसा आहेस?' एवढे विचारावे. उत्तर आले नाही तरी परवा पुन्हा विचारावे. पहिल्या दिवशी शब्द जड जाईल, त्यात जिव्हाळाही नसेल. पण जिव्हाळा आल्यावर बोलू म्हणणारे बहुधा दफनभूमीतच भेटतात. बोलू लागलेल्यांना तो वाटेत भेटतो.